चेहरा सगळ्यात शेवटी: जुन्या क्रिकेट फोटोतली माणसं ओळखताना

नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर विकलं तेव्हा भांडीकुंडी चुलतभावांनी वाटून घेतली आणि माझ्या वाट्याला एक पत्र्याची पेटी आली. दुसऱ्या कुणालाच नको होती. आत आजोबांची रेल्वेची कागदपत्रं, किल्ल्या हरवलेली दोन कुलपं आणि साठेक फोटो. त्यातला एक जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. चौदा माणसं, तीन रांगा, पुढे गवतावर ठेवलेली बक्षिसाची एक ढाल. खुर्च्यांवर बसलेल्यांत मधोमध आहेत ते सी. के. नायडू, असं आमच्याकडे सगळे लहानपणापासून ऐकत आले होते.

हे काही आमच्याच घरी नाही. नागपुरात ज्यांच्याकडे जुनी पेटी आहे त्यांच्याकडे सी. के. असतातच. माणूस इथे जन्मला, ३१ ऑक्टोबर १८९५ ला, आणि १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटीचा कर्णधार झाला. मग गावातल्या कुठल्याही उंचपुऱ्या, ताठ बसलेल्या माणसाला त्यांचं नाव चिकटतं.

गेली काही वर्षं मी असे फोटो पाहतोय, आधी घरचे, मग ओळखीपाळखीच्यांचे. नव्याने या नादाला लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पण आधी माझी फजिती ऐका, म्हणजे पुढची पद्धत अशी उलटी का आहे ते लक्षात येईल.

पेटीत पोस्टकार्डाएवढा एक फोटो होता. पांढऱ्या कपड्यातला एक खेळाडू, हातात चेंडू, मागे पेन्सिलीने ‘नायडू, मुंबई, १९४५’. मला आनंद झाला आणि डोकं बंद झालं. सी. के. यांच्या जयंतीला मी तो एका दैनिकाकडे पाठवला, त्यांनी छापला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वयस्क गृहस्थांचा फोन.

‘‘फोटोतल्या माणसाचं वय किती वाटते तुम्हाले?’’

‘‘असेल तिशीचं.’’

‘‘आन् सी. के. पंचेचाळीस साली किती वर्षांचे होते?’’

मी बोटं मोजली. एकोणपन्नास. फोटो होता धाकट्या भावाचा, सी. एस. नायडूंचा. तेही नागपूरचेच, जन्म १९१४. त्या वर्षी मुंबईत इंदूरचा होळकर संघ आणि मुंबई यांच्यात रणजी अंतिम सामना झाला आणि त्यात सी. एस. यांनी एकूण ९१७ चेंडू टाकले होते. साल माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं, वजाबाकी मात्र मी केली नाही. मी नाव वाचलं आणि चेहऱ्यावर जाऊन थांबलो.

तेव्हापासून माझा क्रम असा: आधी फोटोची मागची बाजू, मग कागद, मग कपडे आणि सामान, मग मैदान, मग धावफलक, मग माणसं. चेहरा सगळ्यात शेवटी.

हात लावण्याआधी

फोटो पुसू नका. ओल्या फडक्याने तर नाहीच, कोरड्यानेही नको. धूळ असेल तर मऊ ब्रशने हलकेच. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. काचेच्या फ्रेममध्ये काचेलाच चिकटला असेल तर काचेवरूनच फोटो घ्या. सेलोटेप घरातच ठेवू नका म्हटलं तरी चालेल. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो.

नागपूरकरांसाठी एक जास्तीची सूचना. उन्हाळ्यात आपण कूलर लावतो आणि खसाच्या त्या ओल्या हवेत माणूस सुखावतो, फोटो मात्र सडतात. कूलरच्या खोलीतली आलमारी, भिंतीला टेकलेली पेटी या जागा वाईट. पुढे पावसाळ्यात त्याच ओलीवर बुरशी धरते आणि कागद खाणारी कसर येते. आतल्या, कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा.

स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवा, आणि दोन्ही बाजू करा. मागची बाजू कोरी दिसली तरी करा. पुसट पेन्सिल कधीकधी स्क्रीनवर कॉन्ट्रास्ट वाढवल्यावरच उमटते. मोबाइलने घ्यायचा असेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, फोन अगदी समांतर धरून.

मागची बाजू: दोन भिंती उभ्या करा

आता खरं काम. वहीत एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा ‘याच्या आधीचा नाही’, उजवीकडे ‘याच्या नंतरचा नसावा’. फोटो या दोन भिंतींच्या मध्ये कुठेतरी आहे. प्रत्येक खूण मिळाली की कुठली भिंत सरकली ते बघायचं. बस, एवढंच.

आपल्या गावाचं नशीब असं की पन्नासेक वर्षांत त्याचा पत्ता अनेकदा बदलला, आणि फोटो ओळखणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो. स्टुडिओच्या शिक्क्यावर ‘नागपूर, सी. पी.’ असेल तर मध्य प्रांताचा काळ. २६ जानेवारी १९५० पासून आपण मध्य प्रदेशात, नागपूर राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र. म्हणजे ‘नागपूर, एम. पी.’ असा शिक्का दिसला तर जेमतेम सात वर्षांची खिडकी हाती येते. इतकी अरुंद खिडकी पुण्या-मुंबईच्या माणसाला शिक्क्यावरून मिळत नाही.

पण इथे एक मेख आहे. नवं नाव पक्की भिंत देतं, जुनं नाव कच्ची. ‘महाराष्ट्र’ लिहिलेला शिक्का १९६० च्या आधी बनूच शकत नाही. ‘सी. पी.’ लिहिलेला शिक्का मात्र एखादा काटकसरी स्टुडिओवाला १९५२ मध्येही मारत बसलेला असू शकतो. नवा रबरी शिक्का करायला पैसे पडतात. तसंच पिनकोडचं. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. शिक्क्यावर तो असेल तर शिक्का त्यानंतरचा. नसेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. किंमत आण्यात लिहिली असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलला दशमान नाणी आली. ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे दिसले तर १९५७ नंतरची काही वर्षं.

आणि शिक्का कधी मारला हे कळलं म्हणजे फोटो कधी काढला हे कळलं असं नाही. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून वीस वर्षांनी नवी प्रत काढून घेणारी घरं पुष्कळ असत.

वर्तमानपत्राच्या कचेरीतून बाहेर पडलेला फोटो लगेच कळतो. मागे टंकलेली चिठ्ठी चिकटवलेली, लाल पेन्सिलीच्या काटछाटीच्या रेघा, कधी टोपीच्या कडेला पांढऱ्या रंगाचं बारीक काम, छपाईचा ब्लॉक नीट उठावा म्हणून केलेलं. त्यावरची तारीख बहुतेकदा छापण्याची असते, सामन्याची नव्हे. एक दिवस मागे, कधी आठवडा मागे जाऊन बघा.

कागद काय सांगतो

दहापट भिंग घ्या. चेहऱ्यावर धरलं आणि बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटोच नाही, मासिकातलं छापील चित्र आहे. फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेली अशी कात्रणं मी किती पाहिली! मालकाला सांगताना जरा हळुवार सांगा.

जाड पुठ्ठा, खाली सुबक अक्षरात नावं, हा स्टुडिओवाल्याने मैदानावर येऊन काढलेला औपचारिक ग्रुप. चौकोनी, पांढऱ्या काठाचा छोटा फोटो असेल तर बहुधा घरातल्याच कुणीतरी १२० च्या फिल्मवर काढलेला. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा आपल्याकडे घरोघर होता, त्याच्या फिल्मवर बारा चौकोनी फोटो येत. असा फोटो प्रेक्षकातून, दोरीच्या अलीकडून घेतलेला असतो, त्यामुळे त्यात खेळाडू इवलेसे आणि पुढे कुणाची तरी छत्री. वैतागू नका. छत्रीही पुरावा असते.

रंगावर विसंबू नका. काळ्यापांढऱ्या फोटोत गडद टोपी काळी होती, हिरवी होती की निळी, हे सांगता येत नाही. त्याहून जुन्या काळच्या एका जातीच्या फिल्मला तर लाल रंग दिसतच नसे. लाल टोपी काळी यायची आणि निळी फिकट. म्हणून ‘टोपी काळी म्हणजे न्यूझीलंड’ असली घाई करू नका.

उलटी छपाईही तपासा. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढली की उजवा फलंदाज डावखुरा होतो. एकाने मला छातीठोकपणे अजित वाडेकरांचा म्हणून फोटो दाखवला, कारण फलंदाज डावखुरा होता. मी शर्टाचा खिसा पाहिला. उजव्या छातीवर! पुरुषांच्या शर्टाला आणि ब्लेझरला खिसा डावीकडे असतो. बटणपट्टीही उलटी. फोटो आरशात धरला आणि वाडेकर नाहीसे झाले. राहिला कुणीतरी कॉलेजचा उजवा मुलगा.

कपडे, बिल्ले, ढाल

माझ्या चौदा माणसांच्या फोटोकडे परत येतो, कारण त्याचं कोडं इथेच सुटायला लागलं.

सगळ्यांच्या ब्लेझरच्या खिशावर एक बिल्ला होता. घरात पन्नास वर्षं सगळ्यांनी चेहरे पाहिले, खिसा कुणी वाचला नव्हता. भिंगाखाली तीन अक्षरं: बी. एन. आर. बेंगाल नागपूर रेल्वे. ही रेल्वे १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत विलीन झाली. उजवी भिंत मिळाली, थोडी कच्ची, कारण बी. एन. आर. हे नाव खेळाच्या संघांनी नंतरही मिरवलं. दुसरी रेल्वे जी. आय. पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, ती ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली. नागपुरात दोन्हींचे लोक होते, त्यामुळे पेटीत रेल्वेचा फोटो निघाला तर आधी बिल्ला वाचा. आमचे आजोबा मोतीबागेत, याच रेल्वेच्या नागपुरातल्या कारखान्यात, कामाला होते, म्हणजे बी. एन. आर. जुळत होतंच.

मग ढाल. ढालीवर मधे मोठी चकती आणि भोवती छोट्या चांदीच्या पट्ट्या असतात, दर वर्षी जिंकणाऱ्याचं नाव एका पट्टीवर कोरायचं. सगळ्या पट्ट्या भरलेल्या नसतात. शेवटची भरलेली पट्टी कुठली ते शोधा, फोटो त्याच्या आधीचा असू शकत नाही. आमच्या फोटोत डावीकडच्या खालच्या पट्टीवर उजेड असा पडला होता की आकडे निम्मे पुसले गेलेले. १२०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केलं, स्क्रीनवर उलटसुलट फिरवलं, तेव्हा ‘१९३८’ वाचता आलं. पुढच्या पट्ट्या कोऱ्या.

भिंती उभ्या राहिल्या: १९३८ ते साधारण १९५२. आता सी. के. यांचा हिशेब करा. १९२३ मध्ये होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले, तिथल्या फौजेत अधिकारी झाले. १९३८ ला त्यांचं वय त्रेचाळीस. आमच्या फोटोत मधोमध बसलेला माणूस पंचविशीचा, आणि त्याच्याही खिशावर रेल्वेचाच बिल्ला. पाहुणा म्हणून बसलेला माणूस यजमानांचा ब्लेझर घालत नाही. चेहरा न पाहताच निकाल लागला. आईला सांगितलं तेव्हा तिने दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाळलं.

सामानावरून काळ कसा काढायचा ते थोडक्यात. बॅटवर मोठाले रंगीत स्टिकर, हेल्मेट, ही सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धानंतरची लक्षणं. कसोटीत हेल्मेट पहिल्यांदा दिसलं ते १९७८ च्या मार्चमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपच्या डोक्यावर. ग्लोव्हजच्या पाठीवर रबराचे काटे असतील तर जुना काळ. पण क्लबात, शाळेत, रेल्वेत सामान वीस-वीस वर्षं पुरवून वापरत, एकाचे पॅड दुसरा बांधे. सामान जुनं म्हणून फोटो जुना, हे क्लबच्या फोटोला लागू पडत नाही.

आणि पांढरे कपडे म्हणजे कसोटी, हा समज तर साफ काढून टाका. १९८७ चा विश्वचषक पांढऱ्या कपड्यात, लाल चेंडूने खेळला गेला.

मैदान आणि धावफलक

नागपुरात आंतरराष्ट्रीय क्रिकेटची दोन मैदानं. सिव्हिल लाइन्सचं व्हीसीएचं, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं, जुनं मैदान, आणि वर्धा रोडवरचं जामठा. जामठ्यावर पहिली कसोटी २००८ च्या नोव्हेंबरात झाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, सौरव गांगुलीची शेवटची. त्यामुळे ‘नागपूर कसोटी’ लिहिलेला त्याआधीचा कुठलाही फोटो सिव्हिल लाइन्सचा. इतकं सोपं गणित दुसऱ्या फार शहरांना मिळत नाही.

सिव्हिल लाइन्सची पहिली कसोटी १९६९ च्या ऑक्टोबरची. पतौडींचा भारतीय संघ, समोर ग्रॅहम डाउलिंगचा न्यूझीलंड, आणि आपण १६७ धावांनी हरलो. हेडली हॉवर्थने सामन्यात नऊ बळी घेतले. अंबर रॉय यांचं ते कसोटी पदार्पण. या सामन्याचे फोटो घरोघरी निघतात, कारण गावात पहिल्यांदाच कसोटी म्हणून कॅमेरा असलेला प्रत्येक जण तो घेऊन गेलेला. पतौडी ओळखायला एक खूण: १९६१ च्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि अनेक फोटोंत टोपी त्या डोळ्यावर ओढलेली दिसते. मागे नुसतं ‘पतौडी’ लिहिलं असेल तर बाप की लेक हेही बघा. वडील इंग्लंडकडून खेळले, १९४६ ला भारताचे कर्णधार झाले, १९५२ ला वारले. मुलगा कसोटीत आला १९६१ च्या डिसेंबरात. मधे जवळजवळ दहा वर्षांची फट आहे, घोटाळा व्हायचं खरं तर कारण नाही, तरी होतो.

फोटोत धावफलक असेल तर लॉटरी लागली समजा. क्रिकइन्फो किंवा क्रिकेटआर्काइव्ह या संकेतस्थळांवर त्या मैदानाची सामन्यांची यादी काढा आणि आकडे जुळवत जा.

एक उदाहरण देतो. धरमपेठेतल्या एका मावशींकडे फोटो होता: पांढरे कपडे, सिव्हिल लाइन्स, यष्ट्या विखुरलेल्या, गोलंदाज पाठमोरा, हात वर. मावशी म्हणाल्या कसोटीचा. रंगीत होता, म्हणजे मी ऐंशीच्या दशकापासून शोधायला सुरुवात केली. १९८३ ला पाकिस्तानची कसोटी, १९८६ च्या डिसेंबरात श्रीलंकेची, आणि ३१ ऑक्टोबर १९८७ चा विश्वचषकातला न्यूझीलंड सामना. बाद होऊन वळलेल्या फलंदाजाची टोपी काळी, आणि रंगीत फोटोत काळी म्हणजे काळीच. राहिला तिसरा सामना. त्या दिवशी चेतन शर्माने लागोपाठ तिघांना बाद केलं, रुदरफर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, आणि तिघेही त्रिफळाचीत! विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. म्हणजे फोटो तिघांपैकी एकाचा असू शकतो, पण त्या डावात आणखी कोण त्रिफळाचीत झालं तेही धावपत्रकात पाहावं लागतं. आम्ही अजून तिथेच आहोत. मावशींना मात्र हॅटट्रिकपेक्षा गावसकरांचं शतक जास्त आठवतं. ८८ चेंडूंत नाबाद १०३, त्यांचं एकदिवसीय सामन्यातलं एकुलतं एक. आणि तारीख पाहिलीत? सी. के. यांचा वाढदिवस. हे मावशींनाच सुचलं, मला नाही.

एवढं सगळं जुळलं तरी सामना अधिकृत असेलच असं नाही. मदतनिधीचे, सिनेनटांचे, रेल्वे विरुद्ध पोलीस असले सामने कुठल्याच यादीत नसतात. तेव्हा ग्रंथालयात जाऊन वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळायच्या. नागपूरचं इंग्रजी दैनिक ‘हितवाद’ १९११ पासून निघतंय. सीताबर्डीवरच्या दीक्षित वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयांत आधी चौकशी करा की काय जपलं आहे आणि कधी पाहायला मिळेल. तारखेची खिडकी अरुंद करूनच जा. ‘चाळीसच्या दशकातलं काहीतरी’ शोधायला गेलात तर फायलींची धूळ तेवढी घरी याल घेऊन.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना

इथे बहुतेक सगळे चुकतात, मीही चुकलो. आमच्या शेजारी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आजोबा होते, रेल्वेच्या संघाचे सामने लहानपणी पाहिलेले. पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं, ‘‘आजोबा, हे मधले सी. के. नायडू ना?’’

‘‘असतीन ना बाप्पा, तू म्हनतं त.’’

झालं. एवढं उत्तर मी साक्ष म्हणून लिहून ठेवलं होतं!

पुढच्या खेपेला नाव तोंडातून काढलं नाही. मोठी प्रत काढून नेली, समोर ठेवली, चहा पीत गप्प बसलो. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकाजवळ नेला. बराच वेळ काही नाही. मग त्यांचं बोट मधल्या माणसाच्या चेहऱ्यावर नाही, गुडघ्यावर ठेवलेल्या हातावर गेलं.

‘‘बोटं पाह्य याचे. वाकडे हायेत. हा कीपर होता.’’

खरंच, उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पेरातून बाहेर वळलेलं. मी तो फोटो शंभरदा पाहिला होता.

‘‘याले सारे मास्टर म्हनत. नाव नाही येत आता ध्यानात.’’

तेवढं पुरे. नाव खोदून विचारलं असतं तर त्यांनी मला खूश करायला एखादं दिलं असतं. म्हणून नियम असा: हा कोण, असं विचारा, हा अमुक ना, असं नको. पाठोपाठ दुसऱ्या माणसाला दाखवा आणि पहिल्याने काय सांगितलं ते सांगू नका. संमती घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, कारण गंमत बहुतेकदा उत्तरात नसते, मधल्या रेंगाळण्यात असते.

घरची गोष्ट आणि फोटोतला पुरावा वेगवेगळ्या ओळीत लिहा. गोष्ट खोटी म्हणून फेकू नका. आमच्या घरातली सी. के. यांची गोष्ट कुठूनतरी आलीच असेल, आजोबांनी कुठेतरी त्यांना पाहिलं असेल, पण ती या फोटोची नाही. उलट कधीकधी अशक्य वाटणारी गोष्ट खरी निघते. होळकर संघात एक गोरा खेळत होता असं कुणी सांगितलं तर हसाल? इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीत इंदूरजवळच्या महूला होता, आणि सी. एस. यांनी ९१७ चेंडू टाकले त्याच अंतिम सामन्यात त्याने होळकरकडून नाबाद २४९ केल्या. सामना तरी मुंबईनेच जिंकला.

आणि आता चेहरा

एवढं करून आलात तर यादी तीन-चार नावांवर आलेली असते. आता त्या माणसाचे पक्की ओळख असलेले, त्याच वयाचे दोन-तीन फोटो शेजारी ठेवा. हसू, मिशी, केस सोडून द्या, ते बदलतात. कान पाहा. कानाची पाळी चिकटलेली की सुटी, कानाचा वरचा कंगोरा कसा, भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर. उभं राहण्याची ढब, खांदे.

चटकन डोळ्यात भरणारी खूण सगळ्यात जास्त फसवते. पटका आणि डावखुरी फिरकी पाहिली की लोक बिशनसिंग बेदी म्हणून मोकळे होतात. बेदींची शेवटची कसोटी १९७९ ची. १९८२ पासून पटका बांधून डावखुरी फिरकी टाकणारा मणिंदरसिंग होता, आणि १९८६ च्या नागपूर कसोटीत श्रीलंकेचे एका डावात सात गडी त्यानेच घेतले. उलट १९३२ च्या लॉर्ड्‌स कसोटीत खेळलेल्या अकरा जणांत फेटेवाला एकच आहे, लालसिंग, मलायातून आलेला. तिथे फेटा पुरतो. पण त्याच संघात वझीर अली आणि नझीर अली हे सख्खे भाऊ आहेत, आणि तिथे नुसत्या चेहऱ्यावर जाणारा हमखास आपटतो. फोटोखाली छापलेली नावं असली तरी ती मोजून घ्या. रांगेत सहा जण आणि नावं पाच, असं पुष्कळदा असतं, आणि मग एका जागेपासून पुढची सगळी नावं सरकतात.

फोनमधल्या चेहरा ओळखणाऱ्या ॲपला विचारायचं असेल तर विचारा. मला त्याने मास्टर म्हणजे एक हिंदी नट असल्याचं सांगितलं.

शेवटी नोंद. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाने पुढे वळ उठतो आणि शाई पाझरते. मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, फक्त एक क्रमांक घाला. बाकी सगळं वेगळ्या कागदावर. काय पक्कं, काय अंदाज, कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला. दुसऱ्याचा फोटो कुठे टाकण्याआधी घरच्यांना विचारा, आणि फोटोचा हक्क २०१२ च्या कायदादुरुस्तीपर्यंत प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजत, आता फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, तेही ध्यानात असू द्या.

आमच्या फोटोची नोंद सध्या अशी आहे:

क्र. १७. बी. एन. आर. क्रिकेट संघ, नागपूर. १९३८ किंवा नंतर, बहुधा १९५२ च्या आधी (बिल्ला, ढालीची पट्टी). बसलेले, मधोमध: ‘मास्टर’, यष्टिरक्षक, कर्णधार असावा, शेजारच्या आजोबांनी सांगितलं, नाव न सुचवता. उभे, उजवीकडून दुसरे: आमचे आजोबा, आईने ओळखले, कानावरून. बाकी बारा: ओळख नाही. घरातली गोष्ट: मधोमध सी. के. नायडू. जुळत नाही, खोडलेली नाही.